विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राचा खर्च कोणी उचलावा?

जाहिराती आटल्यावर विद्यापीठांतील विद्यार्थी वृत्तपत्रे टिकतील का आणि त्यांचा खर्च विद्यापीठाने उचलावा का, असे आपण विचारले आहे. बेळगावातील एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा मराठी विभाग मी काही काळ सांभाळला आहे. माझ्या मते खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातूनच व्हावा, मात्र तो पैसा प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या सहीवर अवलंबून नसावा.

आमच्याकडे प्रवेशाच्या पावतीवर मॅगझिन फीचा वेगळा रकाना असे, म्हणजे वर्गणी प्रत्येक जण भरतच असे. तिच्यातून कन्नड, मराठी, हिंदी आणि इंग्रजी विभागांचा एकच अंक निघे. आधी व्यवस्थापनाचे संदेश, मग बक्षीस समारंभाची छायाचित्रे आणि उरलेल्या पानांत कविता. तो हाती येईपर्यंत शेवटच्या वर्षाची मुले दाखले घेऊन गेलेली असत. वसतिगृहाचे पाणी, लांबलेले निकाल, खानापूर-चंदगडकडून येणाऱ्या मुलांची चुकणारी बस यांवर त्यात एक ओळही नसे. तशी बंदी कोणी घातली नव्हती. पण ज्या सहीने मजकूर छापखान्यात जाई, त्याच सहीने बिलही मंजूर होई, आणि मुलांना एवढे कळत होते.

अमेरिकेतही पेच हाच आहे, फक्त रकमा मोठ्या आहेत. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र ‘डेली कॅलिफोर्नियन’ संपादकीयावरून वाद झाल्यानंतर 1971 मध्ये विद्यापीठापासून वेगळे झाले आणि जाहिरातींवर चालू लागले. त्या घटल्या, तेव्हा 2012 मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी मतदान करून त्याच्यासाठी शुल्क मंजूर केले. उलट इंडियाना विद्यापीठात 2025 मध्ये छापील अंकात बातम्या किती असाव्यात यावरून प्रशासनाने विद्यार्थी माध्यमांच्या संचालकांना काढले आणि छपाई थांबवली. टीका झाल्यावर छपाईबाबत माघार घ्यावी लागली. मला बर्कलीचा मार्ग अनुकरणीय वाटतो, कारण त्या मार्गात पैसे देणारा आणि वाचणारा एकच असतो.

सीमाभागात जाहिरातींवर विसंबणे मला अधिकच धोक्याचे वाटते. पतसंस्था, सराफ, कापड दुकानदार आणि क्लासवाले दिवाळी अंकाला ओळखीखातर शुभेच्छांची जाहिरात देतात, पण पाक्षिकाला वर्षभर देणार नाहीत. सहज मिळते ती पुढाऱ्यांची जाहिरात, आणि सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असताना मराठी मुलांच्या पत्राने ती घेतली, तर पुढचा अंक कोणाच्या बाजूचा, हे लोक न वाचताच ठरवतील. (कन्नड मुलांच्या पत्राचीही हीच गत होईल.)

म्हणून मॅगझिन फी वेगळ्या खात्यात जावी, आणि त्या खात्यावर विद्यार्थी प्रतिनिधी, माजी विद्यार्थी व एखादा अनुभवी पत्रकार यांचे मंडळ असावे. प्राध्यापकांनी सल्ला जरूर द्यावा, पण मजकूर अडवू नये. जमाखर्च अंकातच छापावा. बातम्या रोज मोबाईलवर द्याव्यात, छपाई सत्रातून एकदाच करावी. छापील नियतकालिकासाठी 1867 च्या जुन्या कायद्याऐवजी आता 2023 च्या कायद्यानुसार नोंदणी लागते, ते काम आधी उरकावे. एकेका महाविद्यालयाला हा भार पेलणार नाही. शहरातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून मराठी आणि कन्नड अशी दोन्ही पाने असलेले एकच पत्र काढले, तर प्रत्येक विद्यार्थ्यावर पडणारा भार बराच हलका होईल.