'झेल्डा' गेममालिकेच्या पुढच्या नायकाला कोणते नवे बिरुद द्यावे आणि त्याचा विषय काय असावा?

या मालिकेचा नायक लिंक याला आधीच्या खेळांत मिळालेल्या 'काळाचा नायक' आणि 'वाऱ्यांचा नायक' यांच्या पंक्तीत बसेल असे बिरुद आपण विचारले आहे. माझ्या मते ते 'खारपाणाचा नायक' असावे; खारपाण म्हणजे जमिनीतले खारे पाणी.

१९९८ च्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम'मध्ये लिंक सात वर्षे झोपतो आणि पुढे खेळणारा बालपण व तारुण्य यांत ये-जा करतो. २००२ च्या 'विंड वेकर'मध्ये हातातल्या छडीने वारा वळवल्याशिवाय होडीचे शीड हव्या त्या दिशेला कामाला येत नाही. बिरुदातला शब्द तिथे खेळणाऱ्याच्या हातात येतो. 'अग्नीचा नायक', 'अंधाराचा नायक' अशी नावे हवी तितकी सुचतील; पण हातात तलवारच राहणार असेल तर ती लग्नपत्रिकेतल्या विशेषणांसारखी नुसती छापण्यापुरती. शिवाय या मालिकेचे जनक शिगेरू मियामोतो यांना ती क्योतोजवळच्या सोनोबे गावी लहानपणी केलेल्या रानातल्या, गुहांतल्या भटकंतीवरून सुचली, तेव्हा मीही आपल्या गावापासून सुरुवात करतो.

आमचे गाव अकोला जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीला पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही, साबणाला त्यात फेस येत नाही आणि तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी दाणा बोटांत दाबला की कच्चाच लागतो. आई वरणापुरते नळाचे पाणी वेगळ्या घागरीत झाकून ठेवते. त्यात कोणी हात धुवायला तांब्या बुडवला तर घरात जे होते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

२०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये लिंक उघड्यावरच्या कढईत रांधतो, तीच सोय इथे उपयोगी पडेल. प्रत्येक गावी विहिरीचे पाणी घेऊन नायकाने डाळ शिजत घालायची. ती शिजली तर पाणी गोडे. दाणा टणक राहिला तर खार वर चढत आहे असे समजून पावसाआधी शेततळे खोदायचे, कारण काळी जमीन एकदा भिजली की चिखलातून पाय निघत नाही. राक्षस मुळीच नको. खार हाच शत्रू असावा, जो तलवारीला दाद देत नाही आणि पावसाच्या मुरणाऱ्या पाण्यानेच खाली जातो.

शेवटचे मंदिर, म्हणजे खेळातला कोड्यांचा अखेरचा टप्पा, अर्थातच लोणारला. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, त्यातले खारे सरोवर आणि जून २०२० मध्ये हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालेले त्याचे पाणी, यांत कल्पनेने भर घालण्याची गरजच नाही. तिथल्या सासू-सुनेच्या विहिरीत एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारे असल्याचे सांगतात. अखेरचे कोडे तिच्या काठावरच घालावे.

दुसरे बिरुद 'मोहाचा नायक' असे सुचले होते: गडचिरोलीकडचे जंगल, पहाटे टपटपणारी मोहाची फुले, ती उन्हाआधी वेचायची घाई आणि वाटेत भुलवणारे आवाज. परंतु जपानी 'तोकि नो युशा' म्हणजे 'काळाचा नायक' आणि त्यातला 'नो' म्हणजे आपला 'चा', त्यामुळे खारपाणाचा नायक तिकडे सहज पोहोचेल. मोहातला श्लेष मात्र वाटेतच सांडेल.