समुद्री माशांच्या टाकीच्या काचेवर जांभळे डाग पडलेत, नखाने निघत नाहीत. रोग आहे का? अ‍ॅसिडने काढू का?

अ‍ॅसिड अजिबात नको! तुम्ही लिहिलंय की टाकीला सहा महिने झालेत, आणि मागची काच नि दगड दोन्हींवर जांभळट-गुलाबी ठिपके पसरताहेत. हा रोग नाही, टाकी मुरल्याची खूण आहे. लोक यासाठी महिनोन्‌महिने वाट बघतात.

हे कोरलाइन शेवाळ. जात तांबड्या शेवाळाची, पण पेशींच्या भिंतींत चुना भरतं म्हणून दगडासारखं टणक. सजीवांचं वर्गीकरण रचणाऱ्या लिनियससारख्या माणसानेही याला प्राण्यांत टाकलं होतं, तेव्हा तुमचा गोंधळ माफ.

मी मालवणचा. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला खडपांत उतरलात तर हेच दिसेल. कालवांच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी साचून राहतं आणि ऊन थेट पडत नाही, तिथे कातळाला कुणी गुलाबी डिस्टेंपर मारल्यासारखा थर असतो. शेजारी सांधे-सांधे असलेले छोटे झुबके, अँफिरोआ आणि जानिया, याच शेवाळाचे प्रकार. चिमटीत धरलं तर करकरतं. वाळून पांढऱ्या पडलेल्या तुकड्यावर लिंबू पिळा, फसफसेल. तुमचं अ‍ॅसिड टाकीत हेच करणार होतं, वर मासेही मारणार होतं.

प्रवाळाच्या खडकांत याचं काम गवंड्याचं. सुटे तुकडे, वाळू, मेलेले सांगाडे सांधून एक करतं. प्रवाळाच्या कितीतरी जातींची पिल्लं तरंगत येतात ती यावरच्या रासायनिक खुणा ओळखून बूड टेकतात. याच्या चुन्यात मॅग्नेशियम भरपूर असतं आणि तसला चुना लवकर विरघळतो, त्यामुळे समुद्राची आम्लता वाढली की पहिला फटका यालाच.

टाकीत कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्षात इतके भाग) आसपास, मॅग्नेशियम १३००, क्षारता ८-९ डीकेएच (क्षारतेचं एकक) ठेवा. यातलं काहीही एका दिवसात उडी मारून वाढवू नका. कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी घालतात ते खरं, आणि पानाचा चुना रसायन म्हणून तोच. पण डबीतला नको, त्यात आणखी काय कालवलंय कोण जाणे.

आता माझी चूक. एका जुलैत टाकीचं पाणी बनवायचं मीठ संपलं म्हणून जेटीवरून दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं. चव खारट लागली, मोजलं नाही. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी वर तरंगतं, हे लहानपणापासून ठाऊक असून! टाकीच्या पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, १.०२५ वरून १.०१९ वर आली. आठवड्यात मागची गुलाबी भिंत चुना फासल्यासारखी पांढरी. रंग परत यायला पुढचा शिमगा उजाडला. तेव्हा जून ते सप्टेंबर किनाऱ्याचं पाणी टाकीत घालू नका.

आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड आणायचा मोह आवरा. दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. 'मेलेलंच होतं हो' ही सबब चालत नाही.

काढायचंच तर फक्त पुढच्या काचेवरचं. काच असेल तर दाढीचं पातं तिरकं धरून, अ‍ॅक्रिलिक असेल तर जुनं एटीएम कार्ड. कडेचं सिलिकॉन सांभाळा. पंपावर बसलं असेल तर पंप बाहेर काढून रात्रभर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, स्वच्छ धुऊन परत लावा.

खरवडताना तासभर फिल्टर बंद ठेवा, पाणी फिरवणारा पंप मात्र चालू. उडालेला चुरा कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन बसतो आणि त्यातूनच नवे ठिपके धरतात. माझी पांढरी पडलेली भिंत मित्राच्या टाकीतल्या अशाच चिमूटभर चुऱ्यावर परत रंगली.