नववीतली लेक, इन्स्टाग्राम आणि फोन काढून घेण्याचा प्रश्न

ताई, प्रश्न वाचला. लेक नववीत, इन्स्टाग्राम उघडून दे म्हणून मागे लागलीय, तिचे बाबा 'नाय म्हणजे नाय' म्हणतायत, आणि शेजारच्या गावातल्या एका मुलीचा फोटो ग्रुपांवर फिरला तेव्हापासून तुमच्या पोटात गोळा आलाय. फोन काढून घेऊ की तिच्या नकळत तपासत राहू, असं विचारलंत. दोन्ही नको. देवगड-मालवण पट्ट्यातल्या मुलांसोबत हा विषय मी बरीच वर्षं घेतोय, त्यावरून लिहितो. जरा लांबेल.

सेटिंगबिटिंग नंतर. आधी तिला समोर बसवून सांगा की काहीही झालं, अगदी तिनेच मूर्खपणा केलेला असला, तरी येऊन सांगितलं म्हणून फोन जाणार नाही. आणि हे पाळा. फोटोवरून धमकावणारा माणूस 'तुझ्या घरी सांगेन' ह्या एका वाक्यावर जगतो. घरी आधीच माहीत असेल तर त्याचा अर्धा जोर तिथेच जातो. मुलं गप्प बसतात ती त्याला घाबरून कमी, आईच्या तोंडाला आणि बाबांच्या हाताला घाबरून जास्त. रात्री भाकऱ्या भाजताना 'आये, एक सांगू? वरडू नको हां' असं कानावर आलं तर गॅस बंद करा आणि ऐका. ओरडायचं ते दुसऱ्या दिवशी. चोरून तपासलंत आणि तिला कळलं, की ती दुसरं खातं काढणार, मैत्रिणीच्या फोनवर. मग तुम्हाला काहीच दिसणार नाही.

आता शिकवायचं कसं. व्याख्यान देऊ नका, मुलं माना डोलावतात आणि विसरतात. मी एक खेळ घेतो: एखाद्याने स्वतःहून दिलेला फोटो सगळ्यांनी परक्याच्या नजरेने वाचायचा. एका मुलाने जेट्टीवरचा फोटो दिला होता. बाइकला टेकून उभा, खाली ओळ: 'पप्पा खोल समुद्रात, घरी मी आणि आजी.' बाकीच्या पोरांनी बघता बघता यादी काढली. मागच्या होडीच्या नाळेवर रंगवलेलं नाव आणि नंबर, म्हणजे मालक कोण ते गावात कुणालाही विचारा. शर्टाच्या खिशावर शाळेचा बिल्ला. बाइकची नंबरप्लेट. आणि घरात आज पुरुषमाणूस नाही, हे तर त्याने स्वतःच लिहिलेलं. चेहऱ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्या पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. तुमच्या लेकीबरोबर हाच खेळ तिच्या फोटोंवर खेळा, आणि मग तिला तुमच्या फोटोंवर खेळू द्या. चतुर्थीला चाकरमानी मंडळी बोरिवली-डोंबिवलीचं घर बंद करून येतात आणि एसटीत बसल्या बसल्या 'चाललो गावाक' टाकतात. त्यानंतर दागिन्यांनी मढलेल्या गौरीचा फोटो, ठिकाणासकट. मुलं हे आपल्याकडूनच उचलतात. परत आल्यावर फोटो टाकले तर कुणाचं काही अडत नाही.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कुणी शिकवत नाही. फोटोत दुसरं माणूस असेल तर त्याला विचारायचं. जत्रेत दशावताराच्या रंगपटात पोरं घुसतात. स्त्रीपार्टी कलाकार अर्धवट रंगलेला, अंगात बनियन, डोक्याला अजून टोप चढलेला नाही, आणि ह्यांची रील सुरू, वर खिदळणारं गाणं. त्या माणसाला थोड्या वेळाने देवळासमोर उभं राहून रात्र जागवायची असते. शिमग्यात पिऊन पडलेला काका, स्टँडवर एकटीच बडबडणारी बाई, पोहताना भिजलेली वर्गमैत्रीण, सगळीकडे तेच. 'तुझा असा फोटो कुणी टाकला तर?' एवढं विचारलं की बहुतेक पोरांना कळतं. ज्यांना कळत नाही त्यांना कायदा सांगावा लागतो. १८ वर्षांखालच्या कुणाचाही अश्लील फोटो किंवा व्हिडिओ पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'मी काढला नाय, फक्त फॉरवर्ड केला' ही सबब चालत नाही. अफवांचंही तसंच. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठार मारलं गेलं, आणि त्यामागे फोनवर फिरणाऱ्या अफवाच होत्या. हे मुलांना माहीत असू द्या.

खात्याबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्रामला किमान १३ वर्षं लागतात, म्हणजे तिला उघडता येतं. फक्त जन्मसाल खरं टाका. मोठं दाखवण्यासाठी पोरं खोटं साल टाकतात आणि लहानांना मिळणारं संरक्षण घालवून बसतात. खऱ्या वयाने खातं आपोआप खाजगी राहतं, अनोळखी माणसाचे मेसेज अडतात, आणि १६ खाली हे सैल करायला पालकाची परवानगी लागते. स्नॅपचॅट असेल तर नकाशावरचं ठिकाण बंद. पासवर्ड मैत्रिणीलाही नाही. आमच्याकडे रेंजसाठी सगळी पोरं संध्याकाळी सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर जमतात आणि उघडे फोन ह्या हातातून त्या हातात फिरतात. अर्धे घोटाळे तिथूनच निघतात. 'एकदाच दिसणारा' फोटोही दुसऱ्या फोनने टिपता येतो, हे तिला करून दाखवा.

आणि कुणी धमकावलंच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. मुलाला स्वतःला कुणाशी बोलायचं असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी. त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही. फोनवरच त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवू शकतात.

शाळेच्या पेजवर मुलीचं नाव, इयत्ता आणि फोटो एकत्र येतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या: फोटो टाकायचा तर गटाचा, नावाशिवाय, आणि आधी पालकांना विचारून. दोन-चार पालकांच्या सह्या घेऊन गेलात तर लवकर काम होईल. अर्जाचा मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, लिहून देतो.