हा खून रेल्वेतच का झाला?

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. 1862 सालचं लंडन, धुकं, इंजिनाची वाफ, फलाटावरचे गॅसचे दिवे हे सगळं तू फार छान उभं केलं आहेस. पण वाचताना एक प्रश्न पिच्छा सोडेना, तो स्पष्टच विचारतो. हा खून रेल्वेतच का झाला? तुझा बँकर घरी मेला असता, क्लबात मेला असता, तर पुढच्या कथेत काय बदललं असतं? मला काहीच सापडलं नाही. त्या काळच्या रेल्वेवर रहस्यकथा लिहायची तर गुन्हा रेल्वेमुळे शक्य झाला पाहिजे, रेल्वेमुळे लपला पाहिजे आणि उघडकीलाही रेल्वेमुळेच आला पाहिजे. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात.

तुझा खुनी चालत्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो. 1862 मध्ये त्याला ते जमणार नाही. तेव्हाच्या इंग्लिश गाड्यांना आतून ये-जा करायची वाटच नव्हती. डब्यात सुटे सुटे कप्पे, प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी बाहेर उघडणारी दारं, समोरासमोर दोन बाकं, छतात एक मिणमिणता दिवा. गाडी सुटली की पुढच्या स्टेशनपर्यंत तुम्ही आणि समोर बसलेला माणूस, एवढंच जग. साखळी ओढायची सोय नाही, गार्डला हाक ऐकू जायची नाही. बाहेरून डब्याच्या कडेला पायफळी असे आणि रेल्वेचे नोकर कधी कधी चालत्या गाडीत तिच्यावरून जात. तुझ्या खुन्याला फार तर तेवढाच रस्ता आहे. मात्र त्यासाठी त्याची छाती तशी हवी, आणि ती त्याला कुठून मिळाली हे तुला दाखवावं लागेल. बघ, चूक दुरुस्त करता करता तुला एक पात्र मिळालं!

आता खरी घटना सांगतो, कारण तुझ्या कथेच्या पुढे दोनच वर्षांनी ती घडली. 9 जुलै 1864, शनिवारची रात्र. टॉमस ब्रिग्ज हे बँकेतले वयस्क अधिकारी फेन्चर्च स्ट्रीटहून नॉर्थ लंडन रेल्वेच्या पहिल्या वर्गात बसून हॅकनीला घरी निघाले. हॅकनीला गाडी थांबली तेव्हा दोन तरुण कारकून त्या रिकाम्या कप्प्यात चढले. बसल्यावर एकाच्या हाताला ओलसर काहीतरी लागलं. दिव्याखाली हात धरला तर रक्त. गार्डने येऊन पाहिलं. आत एक पिशवी, एक काठी आणि एक टोपी. ब्रिग्ज मात्र बो आणि हॅकनी विक यांच्या दरम्यान रुळांजवळ पडलेले सापडले, दुसऱ्या एका गाडीच्या ड्रायव्हरला. ते दुसऱ्या रात्री वारले. ब्रिटनमधल्या आगगाडीत झालेला हा पहिला खून मानला जातो.

दोन स्टेशनांमध्ये अंतर काही मिनिटांचं. तेवढ्यात मारायचं, घड्याळ काढून घ्यायचं, माणसाला बाहेर ढकलायचं आणि पुढच्या स्टेशनवर काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने उतरायचं. या घाईतच खुन्याची चूक झाली. कप्प्यात राहिलेली टोपी ब्रिग्ज यांची नव्हतीच. मारणारा आपली टोपी टाकून त्यांची घालून गेला होता. हे दार, हे अंतर, ही घाई काढून टाक, टोपीची अदलाबदल होतच नाही. गुन्हा रेल्वेमुळे घडतो म्हणजे काय, ते मला या एका टोपीइतकं दुसऱ्या कशातून सांगता येणार नाही.

पुढचा तपासही नीट बघ. लंडनच्या चीपसाइड रस्त्यावरच्या जॉन डेथ नावाच्या जवाहिऱ्याने सांगितलं, की एका परदेशी माणसाने ब्रिग्ज यांची घड्याळाची साखळी देऊन दुसरी नेली. (कादंबरीत तू हे आडनाव ठेवलं असतंस तर मीच खोडलं असतं, पण ते खरं आहे.) मग एका घोडागाडीवाल्याने घरी मुलीच्या हातात त्याच जवाहिऱ्याचं नाव छापलेली डबी पाहिली होती, ती त्याला आठवली. डबी देणारा फ्रान्झ म्युलर, जर्मन शिंपी. तोवर तो न्यूयॉर्कच्या शिडाच्या जहाजावर चढून निघूनही गेला होता. इन्स्पेक्टर टॅनर साक्षीदारांना घेऊन वाफेच्या जहाजाने निघाले आणि सुमारे तीन आठवडे आधी पोचून त्याची वाट बघत बसले. म्युलरपाशी ब्रिग्ज यांचं घड्याळ मिळालं, आणि टोपीही. ती कापून, ठेंगणी करून पुन्हा शिवलेली. शिंप्याचा हात!

टॅनर यांना समुद्र का ओलांडावा लागला? तार करता आली नसती का? नसती. अटलांटिकखालची 1858 ची केबल थोड्याच दिवसांत बंद पडली होती आणि टिकाऊ केबल पडली 1866 मध्ये. उलट देशातल्या देशात 1845 सालीच जॉन टॉवेलला तारेने पकडलं होतं. स्लाऊजवळ एका बाईला विष देऊन तो लंडनच्या गाडीत बसला, आणि रुळांच्या कडेने गेलेल्या तारेवरून त्याचं वर्णन गाडीच्या आधी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनला पोचलं. गाडी पळून जाणाऱ्याला वेग देते, तार तो वेग काढून घेते, आणि तार संपते तिथे पुन्हा पळणाऱ्याचं राज्य. तुझ्या कथेतला खुनी हे ओळखून असेल तर तो कुठल्या स्टेशनवर उतरेल? जिथे तारयंत्र नाही तिथे. तुझ्या डिटेक्टिव्हला हे सुचायला हवं.

वेळेचा विचार तर तू केलेलाच नाहीस, आणि रहस्यकथेसाठी यापेक्षा मोठा खजिना नाही. ब्रिस्टलचा सूर्य लंडनपेक्षा सुमारे दहा मिनिटं मागे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1840 मध्ये आपल्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, तरी गावं आपापल्या घड्याळांनी चालत राहिली. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला दोन मिनिटकाटे आहेत, एक गावाचा, एक रेल्वेचा. 1858 मध्ये डॉर्चेस्टरच्या एका खटल्यात न्यायालयाने स्थानिक वेळच कायद्याची वेळ ठरवली आणि ग्रीनिचची, म्हणजे लंडनचीच, वेळ सगळ्या ब्रिटनला कायद्याने लागू झाली ती 1880 मध्ये. म्हणजे तुझ्या 1862 मध्ये एखादा संशयित दहा मिनिटांची पळवाट कायद्याच्या पाठबळावर सांगू शकतो! कधी आपल्याकडची कथा लिहिलीस तर हाच धागा इथेही आहे. 1870 नंतर आपल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावू लागल्या, आणि मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागे. बोरीबंदरला गाडी चुकलेल्या माणसावर मला फार दिवस एक गोष्ट लिहायची आहे, पण ती तू लिहिलीस तर जास्त आनंद होईल.

तिकिटाकडेही बघ. पुठ्ठ्याचं ते छोटं तिकीट तुझ्या आजीआजोबांनी हातात धरलेलं असेल. टॉमस एडमंडसनने ते 1830 च्या दशकाच्या अखेरीस काढलं. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक, विकताना यंत्राने उठवलेली तारीख. कारकुनाच्या वहीवरून कुठल्या गाडीला कितव्या क्रमांकापर्यंत तिकिटं गेली हे कळतं. मग खिशात सापडलेलं एक तिकीट किती बोलेल याचा विचार कर. शिवाय 1842 पासून रेल्वे क्लिअरिंग हाऊस होतं. वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये भाड्याची वाटणी करायला ते जंक्शनांवर माणसं नेमत, आणि ती माणसं येणाऱ्या-जाणाऱ्या वॅगनचे नंबर टिपून घेत. पावसात उभा राहून दिवसभर नंबर लिहिणारा तो गरीब कारकून, ज्याला कोणी कधी काही विचारलं नाही, माझ्या मते तुझा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. त्याला आण.

काही गोष्टी मात्र काढाव्याच लागतील. बोटांचे ठसे स्कॉटलंड यार्डात आले 1901 मध्ये. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणीही त्याच सुमाराची. आणि तुझा आरोपी कोर्टात शपथेवर जी पानभर साक्ष देतो, तीही गेली. स्वतःच्या खटल्यात शपथेवर साक्ष द्यायचा हक्क इंग्लंडमध्ये आरोपींना सरसकट मिळाला 1898 मध्ये. म्युलर आपल्या खटल्यात साक्षीला उभा राहू शकला नाही. ज्यूरीने सुमारे पंधरा मिनिटांत निकाल दिला आणि 14 नोव्हेंबरला न्यूगेट तुरुंगाबाहेर प्रचंड गर्दीसमोर त्याला फाशी दिलं. तो परदेशी होता, गरीब होता, आणि मेलेला माणूस पहिल्या वर्गातला होता. तुझ्या कथेत संशय कोणावर लगेच जातो आणि का जातो, हे लिहिताना ही गोष्ट मनातून जाऊ देऊ नकोस. तुझा डिटेक्टिव्हही कोणी साहेब नाही. लंडनच्या पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा 1842 मध्ये सुरू झाली ती आठ माणसांवर, आणि बँकरच्या दिवाणखान्यात त्याला कोणी बस म्हणणार नाही. तू त्याला सोफ्यावर बसवून चहा पाजला आहेस!

एक विचार जाता जाता. त्या खुनानंतर 1868 च्या कायद्याने प्रवाशांना रेल्वेच्या नोकरांपर्यंत इशारा पोचवता येईल अशी सोय सक्तीची झाली, पण वीस मैलांपेक्षा जास्त न थांबता जाणाऱ्या गाड्यांसाठी. ब्रिग्ज यांची गाडी दर काही मिनिटांनी थांबत होती. ज्याच्यामुळे सगळे हादरले, त्याच्या गाडीला तो कायदा लागूच झाला नसता. तुझी कथा 1868 नंतर नेलीस तर हा विरोधाभास फार कामाचा आहे, आणि खरं सांगतो, मी असतो तर नेली असती.

ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातल्या खटल्यांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत, म्युलरचाही खटला त्यात आहे. जवाहिरा, गाडीवाला, गार्ड कसे बोलतात ते तिथे वाच. तुझे संवाद आत्ता सगळे एकाच शाळेत शिकलेल्या माणसांचे वाटतात. मग एक कोरा कागद घे आणि तुझ्या गाडीचं वेळापत्रक स्वतः आख : स्टेशनं, मिनिटं, कुठे तारयंत्र आहे, कुठल्या बाजूला फलाट, कुठलं दार उघडतं. तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलंस की पाठव, आणि तो कागदही सोबत जोड. मी आधी कागद बघेन.

कळावे.
तुझा,
काका