भावा, खड्डा खणायच्या आधी जागा बघ

आंब्याखाली तळं करू नकोस. सावली बरी वाटते, पण पानं तळाशी कुजून पाणी काळं पडतं, आणि कमळाला पाच-सहा तास ऊन लागतंच. सहा बाय चार फूट, दोन फूट खोल पुरे. एवढ्यात साधारण 1,350 लिटर पाणी मावतं.

सिमेंटचं करणार असशील तर घाई नको. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. मी पहिल्यांदा चौथ्याच दिवशी मासे सोडले. सकाळी सगळे पोट वर करून तरंगत होते. आता तीन-चारदा पाणी भरतो, आठ-आठ दिवस ठेवतो आणि उपसून टाकतो.

डासांसाठी दहा-बारा गप्पी सोड, अळ्या फस्त करतात. खायला चिमूटभरच घाल. आमच्या आईसाहेब अख्खी चपाती कुस्करतात, मग पाणी हिरवंगार!

जुलैतला आपल्याकडचा पाऊस तुला सांगायला नको. काठाच्या चार बोटं खाली जाळी लावलेला पाइप काढ, नाहीतर मासे गटारात. आणि जलपर्णी फुकट मिळाली तरी आणू नकोस. रंकाळ्याला किती छळलंय तिनं, बघितलंयस की.