दुनळीचा तुटलेला घोडा आणि शस्त्र कायदा

प्रश्न : माझ्या वडिलांच्या (वय ७४) परवान्यावर १२ बोअरची, बाहेर घोडे (चाप ओढल्यावर पिनवर आपटणारे हॅमर) असलेली बर्मिंगहॅम बनावटीची जुनी दुनळी आहे. आजोबांकडून आलेली. परवान्याची मुदत शिल्लक आहे. उजव्या नळीचा घोडा तुटला. गावातला लेथवाला म्हणतो, हुबेहूब बनवून देतो. परदेशातल्या एका संकेतस्थळावर मिळताजुळता सुटा घोडा विकायला आहे. चुलतभावाच्या मते शंभर वर्षांच्या नादुरुस्त बंदुकीला परवानाच लागत नाही. आम्ही काय करावे? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी चुलतभावाचे म्हणणे बघू, कारण तिन्हींत तेच सर्वांत घातक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ४५ (क) मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, हे खरे. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे : दुरुस्त करून किंवा न करता, कशीही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असेच शस्त्र त्यात बसते. तुमची डावी नळी आजही उडते आणि उजवी एका घोड्याने चालू होणार आहे. वय शंभर असो की दीडशे, ही बंदूक परवान्याचीच. भावाचे ऐकून नूतनीकरण चुकवले, तर विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल कलम २५ (१-ब) (अ) खाली किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद आणि दंड आहे.

लेथवाल्याला आजच नाही म्हणा. कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे फक्त अख्खी बंदूक नव्हे, तिचे सुटे भागही त्यात येतात. कलम ५ नुसार शस्त्र बनवायला परवाना लागतो आणि दुरुस्त करायलाही लागतो. पैसे न घेता केले, ओळखीत केले, हा बचाव नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. याच दुरुस्तीने शस्त्र ‘मिळवणे’ हा शब्दही कलमात आला, म्हणजे काम सांगणारा माणूसही अडकू शकतो. एका घोड्यापायी दोन घरे उद्ध्वस्त होऊ देऊ नका.

परदेशी संकेतस्थळाचे तसेच. शस्त्र आयात करायला कलम १०चा परवाना लागतो. तो नसेल तर पार्सल सीमाशुल्क विभाग जप्त करतो आणि नाव-पत्ता तुमचा असतो. काही जण कलम ४५ (ड) दाखवतात. त्यात किरकोळ भागांना सूट आहे. पण ते भाग ‘स्वतःजवळच्या किंवा दुसऱ्या कोणाजवळच्या’ पूरक भागांसोबत वापरायचे नसतील तरच. भिंतीवर टांगायला आणलेला घोडा कदाचित सुटेल. वडिलांच्या बंदुकीला बसवायला आणलेला सुटणार नाही. ‘दुसऱ्या कोणाजवळच्या’ या शब्दांमुळे तुमच्या नावावर मागवण्याची पळवाटही बंद होते.

म्हणून माझा सल्ला : सुटा भाग घरी येऊच देऊ नका, बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. भाग त्यानेच मिळवावा किंवा घडवावा, त्यानेच बसवावा, आणि बंदूक अख्खी परत यावी. दुकानावर ‘आर्म्स डीलर’ अशी पाटी असणे पुरेसे नाही. त्याचा परवाना बघायला मागा आणि त्यात विक्रीसोबत दुरुस्ती व चाचणी हे शब्द आहेत का ते वाचा. कित्येकांकडे फक्त विक्रीचाच परवाना असतो.

वडिलांना प्रवास झेपत नसेल, तर कलम ३च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. त्या पत्रात बंदुकीची बनावट, बोअर, क्रमांक, परवाना क्रमांक व यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), कोणत्या दुकानात व कोणत्या तारखेला नेत आहात, एवढे हवेच. खाली वडिलांची सही. सोबत मूळ परवाना ठेवा. परवान्यात क्षेत्र फक्त जिल्ह्यापुरते असेल आणि दुकान पुण्यात असेल, तर निघण्याआधी जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. बंदूक रिकामी, नळ्या उतरवून, पेटीत. काडतुसे घरीच राहू द्या. निवडणुकीची आचारसंहिता किंवा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

आता घोड्याविषयी, कारण इथेच लोकांचे महिने वाया जातात. या जुन्या दुनळ्या हाताने जुळवलेल्या असतात. त्याच कारखान्याच्या, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बंदुकीचा घोडाही सरळ बसेलच असे नाही. घोडा लॉकच्या (आतल्या स्प्रिंग-यंत्रणेच्या) चौकोनी दांड्यावर बसतो; त्या भोकाचा कोन जरा चुकला तरी घोडा फायरिंग पिनवर (काडतुसाच्या टोपीवर आदळणाऱ्या खिळीवर) नीट पडत नाही किंवा मागच्या खाचेत टिकत नाही, आणि न टिकणारा घोडा म्हणजे अपघात. म्हणून दुकानदाराला नुसता फोटो पाठवू नका. डावा घोडा शाबूत आहे, तो उजव्याचे आरशातले रूप आहे, तोच नमुना. तुटलेला तुकडाही द्या. फक्त अंगठ्याने ओढायचे टोक तुटले असेल तर चांगला कारागीर वेल्डिंगने जोडतो. चौकोनी भोकापाशी चीर गेली असेल तर जोडकाम टिकत नाही, नवा घडवावा लागतो. पिनही बघायला सांगा. ती बाहेर जास्त आली तर काडतुसाची टोपी फोडून वायू तोंडावर येतो, कमी आली तर बार उडत नाही.

नळ्यांच्या बुडाशी प्रूफचे, म्हणजे दाब-चाचणीचे, शिक्के असतात. त्यात ‘नायट्रो प्रूफ’ नसेल, तर नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी तपासलेल्या असण्याची शक्यता मोठी. अशा नळ्यांतून आजची काडतुसे उडवू नयेत. चेंबरची (नळीत काडतूस बसते त्या जागेची) लांबीही मोजून घ्या : अडीच इंची चेंबरमध्ये पावणेतीन इंची काडतूस घातले तर दाब धोकादायक वाढतो.

‘जरा चमकवून द्या’ असे मात्र चुकूनही सांगू नका. घासताना कारखानदाराचे नाव किंवा क्रमांक गेला तर कलम ८ लागते, आणि खूण नसलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच ती मिटवली असे कायदा धरून चालतो. बंदूक देताना आणि घेताना क्रमांकाचा फोटो काढा. पावतीवर क्रमांक, आत-बाहेरच्या तारखा, कोणता भाग बदलला आणि जुना तुकडा कोणाकडे राहिला, हे लिहून घ्या.

सुट्या भागांसाठी तशीच दुसरी मोडकी बंदूक घेण्याचा मोह होईल. तीही परवान्यावर चढवावी लागते आणि दोन बंदुकांच्या कमाल मर्यादेत मोजली जाते. भाग काढल्यावर उरलेल्या सांगाड्याचाही हिशेब राहतो. दुरुस्तीसाठी इंग्लंडला पाठवायचा विचारही सोडा. निर्यातीचा परवाना तर लागेलच, शिवाय शंभर वर्षे ओलांडलेली वस्तू पुराणवस्तू ठरली तर १९७२च्या कायद्याने खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेताच येत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तिला वेळ लावू नका. शस्त्र नियम, २०१६च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली की त्याच्या हयातीतच त्याने सुचवलेल्या वारसाला परवाना मिळू शकतो. वडील ७४ वर्षांचे आहेत. बहीण-भावांची ना-हरकत, तुमचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आत्ताच तयार करा. अर्ज मंजूर होण्याआधी दुर्दैवाने वडील गेले, तर बंदूक घरात ठेवू नका. कलम २१ नुसार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्या. परवाना हातात आला की ती परत मिळते.