पॅड टाकले, तरी भिंत थरथरतेच

दिवाळीच्या तोंडावर फ्रीजर रूमच्या आवाजाच्या तक्रारी वाढतात. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच देतो.

प्रश्न : मिठाईच्या दुकानामागे फ्रीजर रूम आहे. युनिट (कॉम्प्रेसर-पंख्याचा बाहेरचा संच) इमारतीच्या भिंतीला ब्रॅकेटवर लावलंय. वरच्या काकू म्हणतात, रात्री पलंग थरथरतो. रबरी पॅड टाकले, फरक शून्य.

फरक पडेल कसा? पायाखाली रबर, पण तांब्याचा पाइप भिंतीच्या भोकात सिमेंटने पक्का बसवलेला! पाइप धरणाऱ्या क्लॅम्पशेजारी भिंतीला तळहात लावा आणि युनिट बंद-चालू करायला सांगा, लगेच कळेल. पाइपभोवतीचं सिमेंट काढून तिथे मऊ इन्सुलेशन भरा, क्लॅम्पमध्ये रबर घाला. कॉम्प्रेसरजवळ लवचिक जोड बसवणार असाल तर तो क्रँकशाफ्टला (कॉम्प्रेसरच्या आतल्या फिरत्या दांड्याला) समांतर हवा. आडवा-तिडवा बसवला तर तोच आधी फाटतो. शिवाय स्प्रिंगवर बसलेल्या कॉम्प्रेसरचे नट वाहतुकीसाठी आवळलेले असतात. ते नंतर सैल करायचे असतात. एका ठिकाणी तीन वर्षांनीही 'चालू करण्यापूर्वी सोडा' हा टॅग तसाच लटकत होता, तेलकट होऊन. आणि हा मामला फक्त काकूंच्या झोपेचा नाही. सतत थरथरणारा पाइप ब्रेझिंगच्या (धातू वितळवून केलेल्या) जोडाशी चिरतो, गॅस जातो आणि ऐन सणात माल वितळतो. शक्य असेल तर युनिट जमिनीवर, स्वतंत्र चौथऱ्यावर उतरवा. गच्चीवर नेणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

प्रश्न : युनिटभोवती प्लायची पेटी करून आत थर्माकोल लावला तर? विकणारा म्हणतो, आवाज 'गायब'.

गायब होईल तो कॉम्प्रेसर. थर्माकोल थंडावा राखतो, आवाज अडवत नाही. आवाजाला वजनदार आडोसा लागतो. बंद पेटीत कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) गरम हवा फिरत राहते, गॅसचं प्रेशर चढतं, युनिट ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं. आडोसा करायचाच तर किती मोकळी जागा सोडायची हे युनिटच्या पुस्तिकेत पाहून, मेकॅनिकसमोरच.

प्रश्न : रूमच्या आतला पंखा खरखरतो.

पात्याला बर्फ लागतोय. सळईने खरवडू नका. डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवायची सोय) आणि दाराचं रबर तपासून घ्या.

प्रश्न : आवाजाची मर्यादा किती?

निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45.

प्रश्न : चालू होताना कॉम्प्रेसर ठोके देतो, दोन महिने झाले. ओळखीचे म्हणतात, जुनं झालं की वाजतंच.

दोन महिने! आत गॅसऐवजी लिक्विड येत असेल तर व्हॉल्व्ह प्लेट (झडपांची पट्टी) तुटते. माल दुसरीकडे हलवा, युनिट बंद करा आणि मेकॅनिकला आजच बोलवा.